सुट्या पानाचं गाव

आसगावच्या आमच्या घरात एक सागवानी पेटी आहे. आजोबांनी ती धानाचं बियाणं ठेवायला करून घेतली होती. पवनी तालुक्यातला आमचा भाग चौरासचा, वैनगंगेच्या पाण्यावर पोसलेला. पावसाळ्यात बांधीत गुडघाभर चिखल असतो आणि घरात भिंतींना ओल. बियाणं जमिनीवर ठेवलं तर कोंब फुटायचे, म्हणून पेटीला हातभर उंच पाय लावलेले. आता त्या पेटीत पुस्तकं आहेत. पुस्तकांवर, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, एक सुटं पान आहे. या प्रकरणाची सुरुवात त्या पानापासून करतो, कारण जुन्या सचित्र पुस्तकांचा नाद मला त्यानंच लावला आणि माझी पहिली मोठी चूकही तेच पान आहे.

मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ते मला चौकटीत लावलेलं मिळालं. अजिंठ्याच्या भिंतीवरची एक स्त्री, झुकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, अंगावर मोत्यांचे सर. दुकानदारानं सांगितलं, हे शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल चित्र आहे. त्या हंगामातल्या धानाच्या पैशातला चांगला मोठा वाटा मी त्याच्या हातावर ठेवला. घरी आल्यावर माय एवढंच म्हणाली, "एका कागदाले एवढे पैसे?" तिचा प्रश्न बरोबर होता, फक्त मला तो दोन वर्षांनी समजला. चौकटीत ओल शिरली म्हणून मागची लाकडी फळी काढली, तेव्हा पानाची डावी कड दिसली. उजवी कड सरळ होती, वरची आणि खालचीही सरळ. डावी मात्र पात्यानं घाईत कापलेली, वाकडीतिकडी, आणि तिच्यात शिवणीच्या सुईची दोन भोकं.

म्हणजे ते पान एका पुस्तकातलं होतं. कुणीतरी पुस्तक कापून त्याचं चित्र केलं होतं आणि उरलेलं पुस्तक बहुधा रद्दीत गेलं होतं. मी चित्र विकत घेतलं म्हणजे त्या कापण्याचे पैसे मीच दिले.

तेव्हापासून मी या पुस्तकांच्या मागे आहे. मोहिमांबरोबर निघालेल्या, किंवा एखाद्या दुर्गम जागी वर्षानुवर्षं तळ ठोकून बसलेल्या चित्रकारांची ही पुस्तकं. छायाचित्र नव्हतं तेव्हा दूरचा प्रदेश घरी आणायचा तर चित्रकार सोबत न्यावा लागे. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत सिडनी पार्किन्सन होता. परतीच्या वाटेवर १७७१ साली तो समुद्रातच मेला आणि त्याची रोजनिशी १७७३मध्ये भावानं छापली. दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५, विल्यम हॉजेस होता. हा हॉजेस पुढे १७८० साली हिंदुस्थानात आला, तीन वर्षं फिरला आणि इथल्या देखाव्यांची ४८ चित्रं त्यानं १७८५ ते १७८८ या काळात छापून काढली. ताहितीचा किनारा रंगवणाऱ्या हातानंच गंगाकाठ आणि ग्वाल्हेरचा किल्ला रंगवला. त्यानं घालून दिलेल्या वाटेवरून थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम आले. १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' सहा भागांत काढली. एकूण १४४ चित्रं. जगभरच्या संग्राहकांच्या दृष्टीनं हिंदुस्थानावरच्या चित्रग्रंथांचा मेरू म्हणजे हा संच.

ही चित्रं कशी छापत ते कळलं की कागदाकडे पाहण्याची नजर बदलते. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरायची, पत्रा तापवायचा, म्हणजे राळेचे कण पत्र्याला चिकटतात. मग पत्रा आम्लात बुडवायचा. आम्ल कणांच्या मधल्या फटींतून तांबं खातं. आकाश फिकं हवं असेल तर तो भाग थोडा वेळच खाऊ द्यायचा आणि वर वॉर्निश लावून बंद करायचा. गुहेचा अंधार हवा तिथे पुन्हा पुन्हा बुडवायचं. शाई भरून दाबयंत्रातून काढलं की कागदावर रेघ उमटत नाही, तर जलरंगाच्या धुवणीसारखी छटा उमटते. याला अॅक्वाटिंट म्हणतात. त्यावर माणसं बसून ब्रशनं हातानं रंग भरत. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींमधलं आकाश कधीही अगदी सारखं नसतं. पत्र्याच्या दाबामुळे चित्राभोवती कागदात एक खोलगट चौकोन राहतो. बोट हलकेच फिरवलं की तो लागतो. तो लागला नाही तर एक तर पान कडेनं छाटलेलं असतं, किंवा ती नंतरची नक्कल असते. कागद उजेडासमोर धरला की त्या काळच्या चांगल्या कागदात गिरणीचं नाव आणि कधी सालही पाण्याच्या खुणेत दिसतं. पुस्तकावर छापलेलं साल आधीचं आणि कागदातलं नंतरचं, असं आढळलं तर ती प्रत नंतर छापलेली आहे हे समजायचं.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण माझा जीव तिथेच गुंतलेला आहे.

सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील होता. त्याच्यामार्फत जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. नाना फडणवीस आणि सवाई माधवराव यांचं एकत्र चित्र आपण शाळेच्या पुस्तकांपासून पाहत आलो आहोत; ते वेल्सचं. पण त्याचा खरा ध्यास लेण्यांचा होता. घारापुरी, कान्हेरी, कार्ले, वेरूळ. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि तिथे त्याच्या हाताखाली तयार झालेला, किंवा मी तर म्हणेन आधीच तयार असलेला, एक पुणेकर होता. गंगाराम चिंतामण तांबट.

या माणसाबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आडनावावरून घराणं तांब्यापितळेचं काम करणाऱ्यांचं. मॅलेटनं त्याला वेरूळला पाठवलं आणि त्यानं तिथली लेणी मोजून, खांबाखांबाचा हिशेब ठेवून काढली. मॅलेटनं वेरूळचं वर्णन कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडासाठी पाठवलं, त्याबरोबर गंगारामची रेखाटनंही पाठवली आणि आपल्या मजकुरात त्याचं नाव लिहिलं. वेरूळची छापील चित्रं युरोपातल्या वाचकांसमोर गेली ती अशी, एका मराठी माणसाच्या हातची. त्याची मूळ रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

१७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. पुढच्याच महिन्यात वेल्स गेला, साष्टीत, कान्हेरीच्या लेण्यांचं काम करताना आलेल्या तापानं. मॅलेटनं पुढे वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं आणि सासऱ्याची चित्रं लंडनला नेली. १८०३ साली वेरूळच्या २४ चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला आणि तो 'ओरिएंटल सीनरी'चा भाग झाला. छापणारे डॅनियल. वेरूळ त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते १७९३मध्ये मुंबईच्या आसपासची लेणी वेल्सबरोबर फिरले होते, पण घाट चढून वेरूळपर्यंत गेले नव्हते. नाव छापलं गेलं वेल्सचं आणि डॅनियलचं. बाजारात तर आज या संचातलं सुटं कैलास लेणं 'डॅनियल' एवढ्याच नावानं विकलं जातं. वेल्सचं नाव पुसलं जातं, आणि गंगारामचं तर त्या पानावर कधी नव्हतंच. गंगाराम सापडतो तो मॅलेटच्या मजकुरात, म्हणजे जी पानं कापणाऱ्याला नको असतात त्या पानांत.

मला या नादातून कळलेली गोष्ट ती हीच. चित्राचं पान हे साक्षीदार असतं, पण त्याची साक्ष मजकुरात असते: मुखपृष्ठामागच्या नावात, प्रस्तावनेत, चित्रसूचीत. पान कापलं की साक्षीदार मुका होतो.

अजिंठ्याच्या बाबतीत तर हे जिवाला लागण्याइतकं खरं आहे. मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथनं २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या वाटेवर ती लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. १८४३मध्ये जेम्स फर्ग्युसननं लंडनमध्ये या लेण्यांवर निबंध वाचला आणि भिंतींवरचा रंग गळतो आहे, नकला करून घ्या, असा धोशा लावला. कंपनीनं मद्रास फौजेतलाच रॉबर्ट गिल निवडला. १८४४ साली नेमणूक झाली आणि गडी पुढची जवळजवळ वीस वर्षं त्या दरीतच राहिला. अजिंठा गावच्या बारादरीत त्याचा मुक्काम असे. गिल आणि पारो ही जोडी मराठी वाचकांना ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेनं दिली आणि पुढे सिनेमानंही. मी त्या गोष्टीत शिरत नाही. मला त्याच्या कापडांची गोष्ट सांगायची आहे.

गिल भिंतीएवढ्या मोठ्या कापडावर तैलरंगात नक्कल करायचा. एकेक कापड तयार झालं की गुंडाळी करून बैलगाडीनं, मग जहाजानं लंडनला. तिथे ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, काचेच्या त्या अवाढव्य इमारतीत, लोकांना पाहायला लावली होती. डिसेंबर १८६६मध्ये तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळाली. प्रदर्शनाबाहेर राहिलेली बोटांवर मोजण्याएवढी वाचली. गिल तेव्हा जिवंत होता. एका माणसाच्या उमेदीची सगळी वर्षं एका आगीत गेली, आणि त्यातल्या काही नकला अशा होत्या की ज्यांच्या मूळ भिंती तोवर आणखी झडल्या होत्या.

मग त्या नकलांतलं काय उरलं? इथे मला संग्राहकाचा आनंद आवरत नाही. १८५६ साली मिसेस स्पीयर नावाच्या बाईनं 'लाइफ इन एन्शंट इंडिया' हे पुस्तक लिहिलं होतं. साधं, हातात मावणारं, लाकडावर कोरलेल्या लहान काळ्या चित्रांचं पुस्तक. जॉर्ज शार्फनं त्यातली काही चित्रं गिलच्या कापडांवरून काढली होती, आगीच्या दहा वर्षं आधी. पुढे याच बाईंनी मिसेस मॅनिंग या नव्या नावानं १८६९मध्ये 'एन्शंट अँड मिडीव्हल इंडिया' दोन खंडांत काढलं. कापडं राख झाली तेव्हा ही तळहाताएवढी लाकडी चित्रं शिल्लक राहिली. लिलावात मोठ्या रंगीत ग्रंथांसाठी बोली चढत जाते. या पुस्तकाकडे फार कुणी पाहत नाही. माझ्या लेखी मात्र ते अजिंठ्याच्या पेटीतलं बियाणं आहे.

गिलनं आगीनंतरही हात टेकले नाहीत, आणि त्याआधीच त्यानं कॅमेराही उचललेला होता. १८६४ साली फर्ग्युसनबरोबर त्याची दोन पुस्तकं आली. एकात कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रं, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तूंची आणि निसर्गाची शंभर जोडचित्रं. त्या काळी छायाचित्र पुस्तकात छापता येत नसे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर एकेक फोटो उमटवून, कापून, पानावर खळीनं चिकटवत. म्हणजे शंभर फोटोंच्या एका प्रतीसाठी शंभर वेळा हाताचं काम. अशी प्रत हाती आली तर पहिल्यांदा पानांच्या कोपऱ्यांत रिकामा चौकोन कुठे आहे का ते बघायचं. फोटो निघून पडतात. कधी काढलेही जातात.

गिलनंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स. १८७२च्या हिवाळ्यापासून ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि मधल्या खंडासह हे काम १८८५पर्यंत चाललं. त्यांच्यातले पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले. धुराची काजळी, वटवाघळांची घाण, उजेड म्हणाल तर दारातून जेवढा येईल तेवढा. अशा अंधारात त्या मुलांनी रंग ओळखून रंग लावला. सुमारे तीनशे चित्रं तयार झाली आणि लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पोचली. जून १८८५मध्ये तिथल्या कोठारालाही आग लागली. शंभराच्या आसपास कापडं गेली.

पहिल्या आगीची गोष्ट वाचताना वाईट वाटतं. दुसरी वाचताना मी पुस्तक मिटून बाहेर ओसरीवर जाऊन बसलो होतो.

पण या वेळी मागे मोठा ग्रंथ उरला. १८९६-९७मध्ये ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यावरचे दोन भव्य खंड काढले. लंडनच्या विल्यम ग्रिग्जनं त्यातली रंगीत चित्रं शिळाछापानं काढली, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि दगडावर दगड नेमका बसवून एक चित्र. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात ज्या पद्धतीनं पोचली तीच ही पद्धत, आणि काळही तोच. माझं सुटं पान त्या दोन खंडांपैकी एकातलं आहे. ते हाताशी असताना मी भिंग घेऊन कितीदा तरी पाहिलं आहे. स्त्रीच्या गालावरचा तपकिरी रंग जवळून पाहिला की एकसंध नाही, ठिपक्याठिपक्यांचा आहे, आणि ओठाच्या कडेला तांबडा दगड केसभर सरकलेला आहे. एवढ्याशा चुकीनं तो ओठ हलल्यासारखा दिसतो. मूळ भिंत रंगवणारा कोण, ते कुणीच लिहून ठेवलं नाही. तिची नक्कल करणारा मुलगा कोण, ते माझ्या पानावर नाही. दगड बसवणारा कारागीर कोण, तेही नाही. खाली खाली उतरत आलेली ही तीन माणसं आणि पान त्यांच्याबद्दल गप्प.

नंतरच्या मोहिमा थोडक्यात सांगतो. जपानी चित्रकारांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अजिंठ्याच्या नकला केल्या. त्यात आराई काम्पो होते, जे त्याआधी कलकत्त्याला जोडासांकोतल्या ठाकूर घराण्याकडे राहिले होते. त्या नकला टोकियोत १९२३च्या भूकंपात गेल्या. म्हणजे लंडनमध्ये दोनदा, टोकियोत एकदा. इंग्रज चित्रकर्ती लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे तिथे काम केलं. त्यांचं पुस्तक १९१५मध्ये निघालं. त्याच्या नामपृष्ठावर ही चित्रं त्यांची आणि 'सहायकांची' असं म्हटलं आहे. हे सहायक कोण? नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा, हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन, आणि इंग्लंडहून आलेल्या डोरोथी लार्चर. आधुनिक भारतीय चित्रकलेचा निम्मा इतिहास त्या एका शब्दात बसलेला आहे. हैदराबाद संस्थानानं गुलाम यजदानी यांच्याकडून चार भाग काढून घेतले. पहिला १९३०चा, शेवटचा १९५५चा. आणि आपल्याकडचं एक मराठी नाव इथे आलंच पाहिजे: औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हा राजा स्वतः चित्रकार होता, चित्रकारांना घेऊन लेण्यांत गेला आणि १९३२मध्ये अजिंठ्यावरचं पुस्तक त्यानं काढलं. औंधच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली उभारलेलं श्रीभवानी वस्तुसंग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी साताऱ्याकडे जाताना वाट वाकडी करावी.

आता घेण्याविषयी. कुणी जुनं सचित्र पुस्तक समोर ठेवलं की आधी चित्र बघायचं नाही, चित्रसूची बघायची. सूचीत किती चित्रं दिली आहेत ते मोजायचं, मग पुस्तकातली मोजायची, पान पान उलटून, आकड्यावर बोट ठेवून. घडीचे नकाशे असतील तर उलगडून बघायचे, घडीवर फाटलेले असतात. चित्रावर पातळ कागदाचा पडदा आहे का? पडदा गेला असेल तर समोरच्या पानावर चित्राची तपकिरी सावली पडलेली असते. कागदावर तांबूस ठिपके असणं हा दोष आहे, पण त्यानं चित्राचा जीव जात नाही. ते घालवायला कुणी पान धुऊन काढलं असेल तर मात्र हातानं भरलेला रंग गेलेला असतो. कातडी बांधणी बोटाला लाल पूड लागेल इतकी कुजलेली असली तरी मूळचीच असेल तर तिला हात लावू नये. आणि विकणारा म्हणाला की दोनच चित्रं कमी आहेत, बाकी सगळं आहे, तर त्या दोन चित्रांची किंमत वजा करून पुस्तक घ्यावं. उरलेल्या पुस्तकाला आता मालक हवा आहे, नाहीतर तेही सुटं होईल. सुटी पानं विकण्यात पुस्तकापेक्षा जास्त पैसा आहे, हे या धंद्यातलं कडू सत्य आहे. म्हणून अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळणं हाच त्याचा बचाव.

पैसा नसेल तरी हा नाद करता येतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, १८०४पासून चालत आलेल्या त्या ग्रंथालयात, किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसता येतं. आमच्या बाजूला नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहे, तेही १८६३चं. या ग्रंथांतले पुष्कळसे आता संगणकावर अख्खे, प्रस्तावनेसकट, फुकट वाचता येतात. ते वाचावे आणि मगच बाजारात पाऊल ठेवावं. मी उलटं केलं. मोठे ग्रंथ परवडत नाहीत तर लहान धरावे. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा फौजेतला माणूस. त्यानं १८२६ ते १८३० या काळात पश्चिम हिंदुस्थानातल्या देखाव्यांची ३६ रंगीत चित्रं काढली, त्यात दौलताबाद आहे, वेरूळ आहे. पुढे ग्रिंडलेज बँकेचं नाव याच माणसाचं. त्याच्या पूर्ण ग्रंथाला हात लावणं माझ्या आवाक्याबाहेर आहे. पण कॅप्टन फॉर्सिथचं मध्य प्रांताच्या डोंगराळ मुलखावरचं १८७१चं पुस्तक तसं नाही, आणि त्यात सातपुड्याचं रान आहे.

ठेवण्याचं सांगायचं तर आमच्या हवेत तीन शत्रू: ओल, कसर आणि वाळवी. पेटी भिंतीपासून हातभर लांब आहे, पाय मातीत नाहीत. पुस्तकं धुतलेल्या सुती कापडाच्या बासनात बांधलेली. जुनी माणसं पानांत कडुनिंबाचा पाला घालत. पाला पानात घालू नये, कागदावर त्याचा डाग राहतो, घालायचाच तर पेटीच्या तळाशी, कापडाच्या पुरचुंडीत. पावसाळ्यात पेटी उघडायची नाही. दसऱ्यानंतर, धान पिवळं पडू लागलं आणि हवा कोरडी झाली की सावलीत, उन्हात नव्हे, एकेक पुस्तक उघडून वारा द्यायचा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं हा गुन्हा आहे. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होतो आणि कागदात उतरतो. पातळ जपानी कागदाची चिंधी आणि पिठाची शिजवलेली पातळ खळ एवढं पुरतं. खळीची दुरुस्ती पाण्यानं पुन्हा सोडवता येते, आणि ज्याला सोडवता येत नाही असं काहीही जुन्या कागदाला लावू नये. धानाच्या मुलखात खळ कशी करतात ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

माझ्या पेटीतलं मला सगळ्यात प्रिय पुस्तक मात्र लंडनला छापलेलं नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं पवनीला जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. तिथे मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप निघाला, दगडी कठड्याचे कोरीव खांब निघाले, त्यांतल्या एकावर फणा उभारलेला मुचलिंद नाग आणि त्याचं नाव कोरलेलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२मध्ये प्रसिद्ध केला. मला तो एका रद्दीवाल्याकडे, शाळेच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात मिळाला. त्याला कुणी प्रवासवर्णन म्हणणार नाही. पण त्यात आराखडे आहेत, थरांचे छेद आहेत आणि खापरांची रेखाटनं आहेत, पानंच्या पानं. अर्ध्या बाजूला बाहेरचा आकार, अर्ध्या बाजूला भिंतीची जाडी, खाली मोजपट्टी. उन्हात तंबूखाली बसून कुणीतरी प्रत्येक खापर हातात घेतलं, त्याचा काठ मोजला, शाईनं काढला. हे मोहिमेवरच्या चित्रकाराचंच काम आहे. गंगारामनं वेरूळचे खांब मोजले तसंच.

मागच्या हिवाळ्यात पुतणीला घेऊन मी तो अहवाल पवनीला टेकडीवर नेला. ती दहावीत आहे, चित्रं काढते. तिनं खापरांचं एक पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काकाजी, हे तर आपल्या मायच्या मडक्यासारखं आहे. कोणी काढलं?" मी तिला पुस्तकाच्या सुरुवातीची पानं उलटायला सांगितली, जिथे काम करणाऱ्यांचे आभार मानलेले असतात. ती दगडावर बसून एकेक नाव मोठ्यानं वाचू लागली.

घरी आल्यावर तिनंच मला माझ्या सुट्या पानासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. जॉन ग्रिफिथ्स, अजिंठा, लंडन, १८९६-९७, छपाई विल्यम ग्रिग्ज, नकला सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या. खाली तिनं एक ओळ मोकळी सोडली आणि तिच्यापुढे लिहिलं, काढणाऱ्याचं नाव. ती चिठ्ठी आता पुठ्ठ्यांच्या मध्ये, पानाच्या मागे, कापलेल्या कडेच्या बाजूला ठेवली आहे.